उभे फोटो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — तेही मला नीट माहीत नाही.

हाटकेशच्या आमच्या घरातल्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. स्क्रीनवर मागे दिसणारा फोटो दर दहा मिनिटांनी बदलावा, अशी सोय मीच केलीय. पण उभा फोटो आला की दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसायचे. ते मला खुपायचे. एवढंच — काळे पट्टे.

सासूबाई राहायला आल्या होत्या तेव्हा माझ्या मेहुण्याने, नंदूने, उत्तनच्या किनाऱ्यावर त्यांचे एकतीस फोटो काढले. सगळे उभे. मी ते कॉम्प्युटरवर उतरवले, कॅमेऱ्याचं कार्ड पुसून त्याला परत दिलं आणि एका रविवारी दुपारी कमांड दिली — फोल्डरमधला प्रत्येक फोटो स्क्रीनच्या आडव्या मापात, १३६६ बाय ७६८ मध्ये बसव, उरेल ते काप. नवी प्रत करायची की मूळ फोटोवरच लिहायचं, हे माझ्या हातात होतं. डिस्कवर चाळीस जीबी मोकळे होते. मग प्रत का नाही केली? मी — जो ऑफिसात सगळ्यांना बॅकअप घ्या म्हणून सांगत फिरतो?

थोड्या वेळाने स्क्रीनवर पदर आला, आणि पिशवी धरलेले दोन हात. चेहरा नव्हता. एकतीसही उघडून पाहिले. एकातही नव्हता.

मी फोल्डर बंद केला. फोटो आहेतच, या भरवशावर माझ्या बायकोने, सुनीताने, ते कधी उघडले नव्हते. चार महिन्यांनी सासूबाई गेल्या. तिने फ्रेमसाठी फोटो मागितला आणि मी म्हणालो — अगदी सहज म्हणालो — "नंदूचं कार्ड खराब होतं. एकही उघडत नाही."

ती फोनवर त्याला नाही नाही ते बोलली. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. "जुनंच होतं गं ताई कार्ड. चुकलं माझं."

भिंतीवर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. धूसर आहे.

याला सहा वर्षं झाली. मागच्या महिन्यात नवघरच्या हॉलमध्ये मुलीचा साखरपुडा झाला. नंदू कॅमेरा घेऊन आला, तर सुनीताने दारातच अडवलं. "तू राहू दे रे. परत तसलंच व्हायचं."

तो हसला. कॅमेरा माझ्यापुढे धरून म्हणाला, "घ्या भाऊजी. तुमच्याकडून काही हरवत नाही."

सुनीता तिथेच उभी होती. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती.

मी कॅमेरा घेतला.