दिवे जाऊन येऊ देत

फातिमाचाचीचा मुलगा दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर दोह्याहून तिच्याशी बोलायचा. त्या शुक्रवारी उमेरने त्याचे तुकडे केले.

मुद्दाम नव्हे. उमेरच्या दुल्हाभाईंचं, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचं, इद्रीसचं, रत्नागिरीत राजिवड्याच्या रस्त्यावर सायबर कॅफे होतं. दिवे गेले की संगणक बॅटरीवर तग धरायचे, पण त्यांना इंटरनेटशी जोडणारा डबा मान टाकायचा. दिवे परत आले तरी संगणकातल्या स्वस्त नेटवर्क कार्डाला पत्ताच नसायचा. रुसलेल्या जावयासारखं गप्प. खोट लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे संगणक चालवणाऱ्या त्या फुकट प्रणालीच्या गाभ्यात, ते कार्ड हाकणाऱ्या ड्रायव्हरमध्ये होती. उमेरने दुरुस्ती लिहिली: कार्डाला सारखं झोपवायचं आणि उठवायचं. आणि न विचारता ती चाचीच्या नेहमीच्या यंत्रावर चढवली.

"इद्रीस, पोराचा आवाज खाटकाकडून तोडून आणलायस काय रे?" हेडफोन काढून चाची ओरडली.

इद्रीसने तिला दुसऱ्या यंत्रावर बसवलं आणि उमेरला एवढंच म्हणाला, "पुन्हा लिही."

कार्ड बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. त्याच्या ड्रायव्हरच्या दुरुस्त्या मात्र जगभरातून मेलवर यायच्या. त्या तपासून कर्नलमध्ये पाठवणार कोण, असं कुणीतरी विचारलं आणि इद्रीस भोळेपणाने "माझ्याकडे ती कार्डं आहेत" असं लिहून बसला. तेव्हापासून तो अडकला, तो अडकलाच. पगार शून्य. दुरुस्ती पाठवणाऱ्या फिनलंडच्या अनोळखी माणसाला तो "आपली मेहनत दिसते, फक्त एवढं बघाल का" असं मधाळ लिहायचा. मेव्हण्याच्या वाट्याला मध नव्हता.

उमेरला रविवारी संध्याकाळच्या गाडीने मुंबई गाठायची होती, तिथून मस्कत. तिकडे एसी दुरुस्त करायचे. जाण्याआधी कर्नलमध्ये आपल्या नावाची एक दुरुस्ती लागावी, एवढीच त्याची हौस. रविवारी सकाळी त्याने नवी दुरुस्ती आणली: झोपवाझोपवी नाही, वायरीत जीव आला का एवढंच कार्डाने बघायचं.

इद्रीसने ती वाचली, मान डोलावली. "आता दिवे जाऊन येऊ देत."

"बटण बंद करून बघा ना, दुल्हाभाई!"

"बटण शहाण्यासारखं बंद होतं. आपले दिवे तसे जातात काय? येतात, डोळा मारतात, पुन्हा जातात. ते फिनलंडात कोण बघणार?"

आणि रोज दुपारी न चुकता जाणारे दिवे त्या दिवशी हलेनात. बॅग दाराशी तयार. चहा घेऊन आलेली उझमा भावाला म्हणाली, "दिवे जावेत म्हणून दुवा मागणारा रत्नागिरीत तूच पहिला."

रिक्षा येऊन उभी राहिली, आणि पंखा थांबला. उमेर टाळ्या वाजवत नाचला. दिवे आले, डोळा मारून गेले, पुन्हा आले. कार्ड दर वेळी जागं झालं. इद्रीसने शांतपणे मेल लिहिली: उमेरची दुरुस्ती, मी तपासली, चालते. आणि ती वर, कर्नलवाल्यांकडे, धाडून दिली.

रिक्षात बसता बसता उमेरने मागे वळून विचारलं, "दुल्हाभाई, माझी आठवण काढाल ना?"

"दिवे गेले की काढीन."