जीपच्या ग्रुपची फी

कशेळे ते कर्जत रस्त्यावर रोहिदासची जीप वेळेवर सुटल्याचं कुणाला आठवत नाही. पण उशीर किती होणार, हे मात्र तो वेळेवर कळवायचा. त्यासाठी त्याने मोबाइलवर 'कशेळे जीप' नावाचा खुला ग्रुप काढला होता. वरच्या वाडीच्या फाट्याला कुणी उभं असेल, तर त्याने ग्रुपवर सांगायचं, मग रोहिदास जीप आत घालायचा. वाडीतल्या भाजीवाल्या कोंडीला लिहिता येत नसे, ती बोलून पाठवायची, "दादा, शेवळं हायत, ये रं!" शेवळं ही पावसाच्या तोंडावरची रानभाजी. सकाळी खुडली की सकाळीच कर्जतच्या बाजारात पोचायला हवी, दुपारी तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

यंदा ग्रुपमध्ये भलतीच गर्दी झाली. पाच मिनिटांत कर्ज देणारे, घरबसल्या लखपती करणारे, आणि ज्युली. तिने एका सकाळी लिहिलं, 'हाय डिअर, आज भेटायचं?' रोहिदासला वाटलं, कुणाच्या तरी फार्महाउसवरची पाहुणी असेल. त्याने उत्तर धाडलं, 'नाक्यावर या. पुढची सीट ठेवतो.' आणि ठेवली की! चांगला पाऊण तास.

"कोन येनार हाय रं?" मागून धोंडी ओरडला. तो रोजचं गिऱ्हाईक आणि रोजचा टोमणेवाला. "नवरी का?"

"एकटी बाई हाय. शब्द दिलाय मी."

"आरं, ती मशीन हाय! माझ्या भाच्यालाबी रोज भेटायला बोलवती."

जीपभर हशा पिकला. रोहिदास कानापर्यंत लाल झाला. पण खरं दुखणं दुसरंच होतं. त्या दिवशी कोंडीचा निरोप जाहिरातींच्या ढिगाखाली गेला आणि ती फाट्यावर अकरापर्यंत ताटकळली. असं तिसऱ्यांदा झालं होतं.

"घरात शेवळं खाऊन खाऊन पोरं माझ्याकडं बघंनात," ती संध्याकाळी चिडून म्हणाली. "आजून आठ दिस शेवळं हायत, मंग संपली. तुझा ग्रुप नीट कर, नायतर सरळ सांग, मी दुसरी जीप बगते."

रोहिदासने डोकं लढवलं. मशीनच्या खिशात पैसे कुठले? त्याने जाहीर केलं: ग्रुपमध्ये राहायचं तर दहा रुपये फी, मोबाइलवरून.

रात्रीपर्यंत अकरा जणांनी फी भरली. दहा कर्जवाले आणि सगळ्यात आधी ज्युली. धोंडी तत्त्वासाठी बाहेर पडला: "जीपचं भाडं देऊ, आनि जीप कवा येनार याचंबी देऊ?" कोंडीच्या फोनवर पैसे पाठवायची सोयच नव्हती, म्हणून तीही गळाली. बाकीचे धोंडीच्या मागे गेले. ग्रुपमध्ये उरले रोहिदास आणि अकरा मशिनी.

त्याची बायको नंदा इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. "आवो, धंदाच हाय त्यांचा, धा रुपयं त्यांना काय जड? फी आशी लावा, जी मानसालाच देता येल. जीपपाशी हातानं आनून द्यायची. कांदा का असंना!"

रोहिदासने अकराही जणांचे पैसे परत केले, कुणाचं फुकटचं नको म्हणून, आणि मग त्यांना काढलं. नवी फी ठरली: शेतातलं नाहीतर रानातलं काहीही एक, समोर उभं राहून द्यायचं, मगच ग्रुपमध्ये घेणार. दुसऱ्या दिवशी बॉनेटवर लिंबं, काकड्या, आळूची पानं जमली. धोंडीने एकच हिरवी मिरची ठेवली. "कायबी एक म्हनलास ना?" काढलेल्यांपैकी एका कर्जवाल्याने रोहिदासला वेगळा मेसेज करून विचारलं, 'फी कुठे भरायची?' रोहिदासने नाक्याचा पत्ता दिला. तो काही आला नाही.

कोंडी तासभर चालत आली. शेवळांच्या जुडीबरोबर तिने मूठभर काकडंही दिली, ती आंबट हिरवी फळं. "ही घालून शिजव. नायतर घसा खाजंल आनि मलाच शिव्या देशील."

तिसऱ्या सकाळी ग्रुपवर एकच आवाज आला, "दादा, दोन पाट्या हायत. शेजारीनबी हाय." जीप आत वळली. आठला कर्जत गाठलं, नऊच्या आत पाट्या रिकाम्या झाल्या.

परतताना कोंडी म्हणाली, "उद्या तीन पाट्या. टपावर जागा ठेव."

"ग्रुपवर टाक," रोहिदास ऐटीत म्हणाला.

"आरं, समोर बसलेय तुझ्या! तोंडानं सांगितलेलं चालत नाय व्हय आता?"