कुणीच न पाठवलेला निरोप

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. ऑफिसात नाही, घरी बायकोलाही नाही. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या शिवेवरची दोन गावं एकत्र आली आणि त्यांनी सांडपाण्याचा प्रश्न मिटवला, याचं पुढे बरंच कौतुक झालं. त्यावर मी भाषणंही दिली. पण ती गावं एकत्र आली ती एका निरोपावर. तो निरोप कुणीच पाठवलेला नव्हता. तो मी बनवला होता.

"पाहुणे पुढच्या आठवड्यात येतायत," आमचे गुप्ते साहेब म्हणाले. "दोन्ही सरपंच शेजारी शेजारी बसलेले दिसले पाहिजेत. वर मी तसं सांगून बसलोय. बसतात ना?"

"हो सर. बोलणं चालू आहे."

बोलणं अजिबात चालू नव्हतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी प्रादेशिक नियोजनाच्या ऑफिसात ज्युनिअर प्लॅनर होतो. प्लॅनर म्हणजे गाव वाढणार असेल तर रस्ता, पाणी, गटार कुठून जाईल ते आधी नकाशावर काढणारा माणूस. आमच्या बाबतीत मात्र गाव आधी वाढायचं आणि नकाशा मागून धावायचा.

शहापूरच्या बाजूचं गाव, त्याला आपण वरचं गाव म्हणू, असंच वाढलेलं. भातखाचरांत चाळी उठल्या, मग तीन मजली बिल्डिंगा. आसनगावहून गाडी पकडणारी माणसं तिथं राहायला आली. ग्रामपंचायत तीच, नळ तेच, पण सांडपाणी दसपट. ते सगळं एका नाल्यात जायचं. नाला उतरत उतरत तालुक्याची शीव ओलांडायचा, खालच्या गावाच्या गुरचरणातून जायचा आणि नदीला मिळायचा. तिथून जरा खाली खालच्या गावाची जॅकवेल होती. जॅकवेल म्हणजे नदीचं पाणी उचलण्यासाठी काठावर बांधलेली विहीर. उन्हाळ्यात नदीची धार बारीक झाली की त्या विहिरीच्या पाण्याला वास यायचा. खालच्या गावात मुलांना जुलाब सुरू झाले की कुणी डॉक्टरला कारण विचारत नसे.

उपाय अवघड नव्हता. नाल्याचं पाणी नदीला मिळण्याआधी पसरट वाफ्यांतून फिरवायचं. वाफ्यांत खडी, वाळू आणि कर्दळ. कर्दळीची मुळं घाण खातात, खाली पाणी बऱ्यापैकी निवळ उतरतं. ना मोटर, ना वीज. फक्त सपाट जागा हवी, आणि ती होती खालच्या गावाच्या गुरचरणात. घाण एका तालुक्याची, जागा दुसऱ्या तालुक्याची. एका पंचायतीला हे एकट्याने जमणारच नव्हतं.

आजूबाजूच्या देशांतल्या लहान शहरांचे इंजिनिअर आणि नगरसेवक नेमकं हेच बघायला येणार होते. शेजारची गावं शहर होताना एकमेकांना कशी सांभाळतात, असा त्यांच्या दौऱ्याचा विषय. आणि एका मीटिंगमध्ये, साहेबांनी विचारलं म्हणून, मी बोलून गेलो होतो की आमच्याकडे अशी एक जोडी आहे, दोघांची समितीसुद्धा आहे. का बोललो? गप्प बसणारा माणूस एकदा तोंड उघडतो तेव्हा त्याला वाटतं, आता काहीतरी चांगलं सांगावं. दुसरं कारण माझ्याकडे नाही.

खालच्या गावचे सरपंच दामोदर हरड. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांना मी धसईच्या बाजारात गाठलं. काकड्या आणि शिराळ्यांचा ढीग लावून बसले होते.

"अण्णा, एकदा वरच्या पंचायतीत जाऊन बोला ना."

"वर कुठं? लेकीच्या सासरी?"

"पंचायतीत हो."

"पंचायतीत बसलाय कोन? भोईर. माझा व्याही. मंदा दिलीय मी त्याच्या घरात." त्यांनी एका बाईला काकड्या तोलून दिल्या आणि मग माझ्याकडे पाहिलं. "तुमची घान आमच्या हिरीत येते, असं लेकीच्या सासरी जाऊन सांगू? आज मी सांगीन. उद्या भाकरी थापताना ती काय काय ऐकंल? आधीच तिला पोर नाय. चार वर्षं झाली. बोलायला लोकांना निमित्त कमी हाय का?"

माझ्या नकाशावर नाला होता, शीव होती, मंदा नव्हती.

दुसऱ्या दिवशी वरच्या गावात सरपंच काळूराम भोईरांकडे गेलो. भोईरभाऊ अंगापिंडाने दणकट, आवाज त्याहून दणकट. भाताच्या गिरणीत उभे होते. गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलत होते.

"सायेब, मला काय घान करायची हौस हाय का? पन करू काय? जागा त्यांची. मी जाऊन म्हनू, व्याही, तुमची जागा द्या?"

"म्हणा की."

त्यांनी गिरणी बंद करवली. आवाज एकदम खाली आणला.

"मी मुलाकडचा मानूस. मुलीच्या बापाकडं जागा मागितली तर गाव काय म्हनंल? लग्नात राहिलं ते आता मागतो म्हनंल. लग्नात मी नारळाशिवाय काय घेतलं नाय. आता गटारासाठी नाव घालवू?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. एकाला तक्रार करता येत नव्हती, दुसऱ्याला मागता येत नव्हतं. दोघंही चांगली माणसं होती, आणि चांगुलपणामुळेच अडली होती. भांडखोर असती तर कधीच रस्ता निघाला असता.

तिथंच, गिरणीच्या कोंड्यात उभं राहून, मी म्हणालो, "भाऊ, मागायची गरजच नाही. अण्णांनी निरोप दिलाय. जागा आम्ही आपणहून देतो म्हणाले."

भोईरभाऊ माझ्याकडे बघत राहिले. "अण्णा असं म्हनले?"

"हो."

"मागायच्या आधी?"

"हो."

त्यांनी टोपी काढून केसातला कोंडा झटकला. "मानूस मोठा निघाला," म्हणाले, आणि पुन्हा गिरणी चालू करायला सांगितली.

आता मागे फिरता येणार नव्हतं. मी खाली गेलो. अण्णा घराच्या पडवीत दोर वळत होते.

"भोईरभाऊंनी निरोप दिलाय," मी म्हटलं. "घाण आमची आहे, हे मी गावासमोर कबूल करतो म्हणाले. तुम्ही फक्त या."

अण्णांचे हात थांबले. "गावासमोर?"

"गावासमोर."

"काळूराम तसा बोलनारा नाय."

"बोलले."

अण्णा हसले. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "मंग यायलाच पायजे," म्हणाले. "व्याह्यानं मान खाली घातली तर आपन वर करून कसं राहायचं?"

घरी येताना एकच विचार होता. दोघं रस्त्यात भेटले आणि एकानं विचारलं की संपलं. पण कुणी विचारलं नाही. मला नंतर कळलं, व्याह्यानं मोठेपणा दाखवला तर तो त्याच्या तोंडावर उकरून काढत नाहीत. मान ठेवायचा आणि गप्प बसायचं. मी वाचलो तो त्यांच्या रीतीमुळे, माझ्या हुशारीमुळे नव्हे.

पाहुणे आले. समाजमंदिराचे पत्रे काढलेले होते, म्हणून मी कार्यक्रम भोईरभाऊंच्या अंगणात ठेवला होता. मोठं अंगण, आंब्याची सावली. ही माझी चूक. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाची चूक. अण्णा आले ते अंगणाच्या कडेला बाकड्यावर बसले. चहा फिरला, त्यांनी हात जोडले. पाणी फिरलं, त्यांनी पुन्हा हात जोडले. ऊन कडक होतं. घाम गळ्यावरून ओघळत होता, तरी ते घोटभर पाणी घेईनात.

पाहुण्यांत नेपाळच्या एका डोंगरी गावच्या नगरसेविका होत्या. बऱ्यापैकी हिंदी बोलायच्या. त्यांनी अण्णांकडे बोट करून सरळ विचारलं, इथलं पाणी इतकं खराब आहे का की शेजारचे सरपंचही पीत नाहीत?

गुप्ते साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी बदली मला दिसायला लागली. भोईरभाऊंचा चेहरा लाल झाला.

मग बायकांच्या घोळक्यातून भोईरभाऊंची बायको बोलली. "अवो बाई, पानी चांगलं हाय. लेकीचं सासर हाय हे. लेकीला पोर होईपर्यंत बाप तिच्या घरचं पानी पीत नाय. आमची रीत हाय."

कुणीतरी ते हिंदीत सांगितलं. नगरसेविका एकदम हसायला लागल्या. त्यांच्याकडेही असंच म्हणे. त्यांचे वडील भेटायला आले की घराबाहेर पिंपळाखाली बसायचे आणि स्वतःच्या घरचं पाणी बाटलीतून प्यायचे. "वह बोतल देखकर मुझे इतना ग़ुस्सा आता था," म्हणाल्या. बायकांत हशा पिकला. एक म्हातारी म्हणाली, "इतक्या लांबची बाई, पन दुखणं आपलंच."

त्या हशात भोईरभाऊ उठून उभे राहिले. मी ठरवून दिलेली वेळ नव्हती, माइकही नव्हता. त्यांना तो लागत नसे.

"एक सांगतो. नाल्याची घान आमची हाय. आमची बिल्डिंग, आमची गटारं. खालच्या गावानं आजवर एक शब्द काढला नाय. आनि अण्णांनी मी मागायच्या आधी जागा देऊ केली." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "मी इथं सगळ्यांसमोर सांगतो. चूक आमची. आता कामाला मानसं आमची."

अण्णांना वाटलं, व्याह्यानं निरोपात दिलेला शब्द पाळला, आणि जागा देऊ केल्याचा मोठेपणाही आपल्याच पदरात घातला. ते उठले. "जागा दिली," म्हणाले. बस, एवढंच.

मी त्यांच्या तोंडी घातलेलं सगळं ते खरं करत होते. मी खुर्चीची दांडी घट्ट धरून बसलो होतो.

टाळ्या चालू होत्या तेवढ्यात घराच्या दारातून मंदा बाहेर आली. सडपातळ पोरगी, डोक्यावर पदर. हातात तांब्या. ती सरळ बापासमोर जाऊन उभी राहिली. काही बोलली नाही. अण्णांनी तांब्याकडे पाहिलं, भोईरभाऊंकडे पाहिलं. भाऊंनी मान डोलावली. अण्णांनी तांब्या घेतला, वर धरला आणि ते गटागटा सगळं पाणी प्यायले.

मंदा तोंडाला पदर लावून उभी होती. रडत होती की हसत होती, मला दिसलं नाही.

"आता च्या पन घ्या अण्णा," भोईरभाऊंची बायको म्हणाली, "नायतर ही नेपाळची बाई म्हनंल पानी चांगलं, पन आमचा च्याच खराब." अंगण हसून फुटलं. अण्णा दोन कप चहा प्यायले.

पुढचं काम सावडीनं झालं. सावड म्हणजे भाताच्या आवणीच्या वेळी आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या शेतात. त्याच रीतीनं दोन्ही गावांनी वाफे खणले. सरकारी भाषेत याला लोकसहभाग म्हणतात. तिथं त्याचं लग्नघर झालं होतं. खालचे वरच्यांना म्हणत, "मुलाकडच्यांनो, खड्डा जरा खोल खना, हुंडा नाय मागत आमी." वरचे म्हणत, "तुमचं पानी चांगलं झालं की आमचीच सून माहेराला पळंल." खडी वरच्या गावच्या ट्रॅक्टरने आली, कर्दळीचे कंद खालच्या बायकांनी आणले. पहिल्या उन्हाळ्यात कर्दळ लाल-पिवळी फुलली. जॅकवेलच्या पाण्याला वास आला नाही. गुप्ते साहेबांनी तिथं जाऊन स्वतः पाणी हुंगलं आणि मला म्हणाले, "बरं काम केलंस." साहेबांच्या तोंडून एवढं म्हणजे फार.

मग ट्रेनिंगला बोलावणी यायला लागली. नंतरच्या वर्षांत टोकावड्याच्या बाजूच्या गावांतही तसे वाफे झाले. दर ठिकाणी प्रश्न एकच: दोन्ही बाजूंचा विश्वास कसा मिळवला? मी म्हणायचो, सातत्यानं संवाद ठेवला. लोक लिहून घ्यायचे. खरी गोष्ट एवढीच होती की दोघांपैकी प्रत्येकाला वाटलं, समोरच्यानं आधी मोठेपणा दाखवला. त्यावर कुठल्याही दोन गावांचं जमेल. फक्त मधल्या माणसानं खोटं बोलायची तयारी ठेवावी लागते, आणि नंतर त्याचा भार त्यालाच वाहावा लागतो.

मंदाला पुढेही मूल झालं नाही. अण्णा मात्र त्या दिवसापासून दर दिवाळीला तिच्याकडे जेवतात. जुन्या रीतीनं चालले असते तर आयुष्यभर तिच्या अंगणाच्या कडेला बसून राहिले असते. हे मला आठवतं तेव्हा बरं वाटतं. आणि लगेच वाईटही वाटतं.

मागच्या दिवाळीला भोईरभाऊंकडे गेलो होतो. दोघे व्याही पडवीत शेजारी बसले होते, थकलेले, पण आवाज तसेच. अण्णा मला म्हणाले, "सायेब, भाऊनं आधी निरोप धाडला म्हनून. नायतर मी रीत मोडली नसती. जीव गेला असता तरी नाय." कुठला निरोप, असं भोईरभाऊंनी विचारलं नाही; त्यांच्या रीतीत ते बसत नव्हतं. व्याह्यानं केलेलं कौतुक ते नेहमीसारखे खाली बघून ऐकत होते.

मी पानातली करंजी खाल्ली आणि उठलो.

अण्णांनी आयुष्यभर पाळलेली रीत मोडली ती माझ्या खोट्या शब्दावर. मोडायची की नाही हे ठरवायचा हक्क त्यांचा होता. मंदाचं भलं झालं, हे कारण मी स्वतःला खूप वेळा सांगितलं. पण ते माझं कारण आहे, त्यांचं नाही. अण्णांना खरं सांगणं माझ्याकडे बाकी आहे. भोईरभाऊंनाही. अजून मी सांगितलेलं नाही.