सात नंबरचं कुटुंब

ओर्नेला ग्वालांदीला सहकारी तुलिओचा राग आला, की ती त्याच्याशी भांडायची नाही, उठून खिडकी लावून घ्यायची. जुलैतल्या बोलोन्यात खिडकी लावून बसणं म्हणजे स्वतःलाच शिक्षा. त्या मंगळवारी तिने दोन्ही खिडक्या लावल्या, तेव्हा वेधशाळेत शेजारच्या खोलीत बसणारी निवेस काय समजायचं ते समजली.

ओर्नेला मूळची सास्सुओलोची. वडील फरशीच्या कारखान्यात भट्टीवर, आई इव्होन घरोघरचे कपडे शिवायची. "भट्टीत काय कमी तापतं, की ताऱ्यांकडे निघालीस?" असं वडील म्हणाले होते खरं, पण स्टेशनवर पोचवायलाही तेच आले. आता ओर्नेलाची चाळिशी कधीच मागे पडली. नोकरी अजून कराराचीच. रविवारी माहेरी जावं, तर तोर्तेलिनीच्या पारीत सारण भरून वळता वळता आईचा ठरलेला प्रश्न, "झालं का ते विश्व मोजून?"

"नाही, मम्मा."

"एवढ्या वेळात मी तीन पोरं वाढवली."

आईला तरी काय दोष द्यायचा! काम होतंच असं चिकट. हजारभर दीर्घिका एकत्र बांधलेला एखादा पुंज इतका जड असतो, की त्याच्या मागून येणारा प्रकाश त्याच्याजवळून वाकून येतो. भिंगातून दिसावं तसं मागची एकच दीर्घिका तीन-चार ठिकाणी दिसते, कुठे ठिपका, कुठे लांबट कमान. यातली कुठली प्रतिमा कुणाची, हे रंगावरून, आकारावरून ओळखायचं. धुवून आलेल्या ढीगभर मोज्यांच्या जोड्या लावाव्यात तसं. एका दीर्घिकेच्या सगळ्या प्रतिमा म्हणजे एक कुटुंब. कुटुंबं नीट लागली, की पुंजाचं वजन कळतं, न दिसणाऱ्या पदार्थासकट. आणि मागच्या दीर्घिका वेगवेगळ्या अंतरांवर असल्या, की प्रकाश वाकण्यात जो फरक पडतो, त्यावरून विश्वात एकंदर पदार्थ किती, याचा अंदाज बांधता येतो.

या मंडळींची एक रीत आहे. खरं उत्तर शेवटपर्यंत झाकलेलं ठेवायचं. संगणक त्यात गुपचूप एक आकडा मिसळतो, तो कुणालाच ठाऊक नसतो. सगळे निर्णय घेऊन झाले, की दिवस ठरवून उघडायचं. मग लांब्रुस्को वाइनची बाटली, मोर्तादेल्ला सॉसेजचे काप, टाळ्या. उघडल्यावर काही बदलायचं नाही. मनाजोगतं उत्तर येईपर्यंत माणूस आपल्याही नकळत खुडबुड करत राहतो, म्हणून ही काळजी.

उघडायचं होतं गुरुवारी. ओर्नेलाचं नाव पहिलं असलेलं हे पहिलंच मोजमाप. आणि मंगळवारी सकाळी तुलिओ कॉफीचा कप घेऊन दारात. एके काळी याच तुलिओने तिला हे काम शिकवलं होतं.

"सात नंबरचं कुटुंब काढून टाकूया का?"

"का?"

"मला ते बरोबर वाटत नाही."

"इतकी वर्षं बरं वाटत होतं?"

"माणसाला शंका येऊ शकते, ओर्नेला."

"परवा उघडायचं, आणि आज शंका?"

तुलिओने रिकामाच कप तोंडाला लावला.

"तुलिओ, काय करून ठेवलंस?"

मग बाहेर आलं. त्याने नवा लॅपटॉप घेतला होता. भाषणासाठी आलेख काढावा म्हणून प्रोग्रॅम नव्याने टाकला, पण तो गुप्त आकडा मिसळणारी फाइल टाकायची राहिली. आलेख उमटला तो थेट खऱ्या उत्तराचा.

"मी मुद्दाम नाही बघितलं! समोरच आलं, डोळे कुठे नेऊ?"

"आकडा सांगू नकोस. खबरदार!"

"मी कुठे सांगतोय?"

"सांगितलास की! सात काढ म्हणालास, म्हणजे सातमुळे उत्तर जगावेगळं येतंय. आता मलाही कळलं. छान केलंस, दोघंही बाटलो."

"मग असं करू, मी काही बघितलंच नाही."

"ते तुझ्या तोंडाला सांग, त्याच्यावर सगळं लिहिलंय."

तो गेला आणि तिने खिडक्या लावल्या. खरी चीड वेगळीच होती. सात नंबरमधली एक फिकट, पिवळसर प्रतिमा तिलाही मधूनमधून टोचायची. हेच तुलिओ महिन्यापूर्वी बोलला असता, तर तिने त्याचे आभार मानले असते. आता सात काढलं तर चोरून बघितल्यासारखं, ठेवलं तर नुसता हट्ट.

तेवढ्यात आईचा फोन. गुरुवारी किती माणसं, रस्सा किती करू?

"गुरुवारचं रद्द, मम्मा. तुलिओने उत्तर बघितलं."

"मग काय झालं? मीसुद्धा झाकण काढून रस्सा बघते."

"आणि चाखून मीठ घालतेस ना? तेच नको आहे."

"मग अळणी खायचं?"

"अळणी असेल तर अळणीच."

"शिकून हे शिकलीस," म्हणून आईने फोन ठेवला.

शेवटी तिने सगळ्या प्रतिमा नंबर काढून छापल्या, पत्ते पिसावेत तशा पिसल्या आणि निवेसच्या टेबलावर टाकल्या. निवेस अवकाशातल्या धुळीच्या ढगांवर काम करणारी. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

"लाव, कोण कुणाचं ते. जे लागणार नाही ते मी काढणार. आत्ताच कबूल करते."

"मला माझी कामं नाहीत का गं?"

"आहेत. लाव."

दुसऱ्या दिवशी निवेस आली ती कपाळाला आठ्या घालूनच. पिवळसर प्रतिमेसकट सात नंबर तिने बिनचूक लावलं होतं. "मध्ये धूळ आहे, म्हणून पिवळी दिसते. पण ही मोठी कमान कुठल्याच कुटुंबात बसत नाही. ही परकी."

ती कमान दोन नंबरची. ओर्नेलाची सर्वांत लाडकी, खोलीच्या दारावर चिकटवलेली.

"नीट बघितलंस? तिच्यावर माझा अख्खा हिवाळा गेलाय!"

"विचारलंस म्हणून सांगितलं. तिच्या टोकाला बटाट्यासारखी गाठ आहे, बाकीच्यांना नाही."

ओर्नेलाने वाद घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. कालच्या तुलिओसारखंच बोलणार होती ती. कमानीवाचून दोन नंबरचं कुटुंब टिकेना. ते गेलं, सात राहिलं.

उघडलं ते पुढच्या सोमवारी. सात ठेवूनही उत्तर जगावेगळं नव्हतं, पण दोन नंबर गेल्यामुळे त्याची अनिश्चितता पसरून ऐसपैस झाली होती.

"वा!" तुलिओ म्हणाला. "विश्वात पदार्थ थोडा आहे, किंवा बराच आहे. यासाठी इतकी वर्षं?"

"जेवढं कळलं तेवढंच लिहायचं. आणि कुणी आधी बघितलं, तेही."

"लिही, 'लेखकांपैकी एकाने'."

"लेखक आपण दोघंच. लोक मला समजतील."

तुलिओ पुटपुटत खुर्ची ओढून बसला, त्याने स्वतःचं नाव स्वतःच टाइप केलं आणि त्याच वाक्यात 'अनवधानाने' हा शब्द दोनदा घातला. ओर्नेलाने त्यातला एक खोडला.