मागे चालणारी बैलजोडी

बैलाला रिव्हर्स गिअर नसतो, हे मला बी.एस्सी.च्या तीन वर्षांत कुणीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अप्पांचा पहिला नंबर गेला नसता, उदगीरच्या मंडपाचा खांब वाकला नसता, आणि माझी सायन्स मास्तर म्हणून जी काही थोडीफार अब्रू होती ती शाबूत राहिली असती!

तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. जिल्हा कोरा आणि सालही कोरडं, तेही सलग दुसरं. मी उदगीरच्या हायस्कुलात शिकवायचो आणि शनिवारी शाळा सुटली की देवणीकडच्या आमच्या आखाड्यावर यायचो. आमच्याकडे शेतातल्या घराला, गोठ्यासकट, आखाडा म्हणतात. (कुस्ती नसते तिथं. म्हणजे अव्वा, माझी आई, आणि अप्पांची व्हायची रोज, पण ती तोंडी.)

अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जीव दोघांवर होता. एक सरदार आणि दुसरा सुभेदार. अस्सल देवणी बैलजोडी, पांढरंशुभ्र अंग, त्यावर काळे ठिपके, कान लोंबते, आणि चेहऱ्यावर सदैव असा भाव की हे घर आमचंच आहे, तुम्ही राहा हवं तर. जनावरांच्या प्रदर्शनात अप्पांचा आजवर चार वेळा नंबर आला होता आणि चारही वेळा दुसरा! जुन्या जिल्ह्याला, उस्मानाबादेला, इतक्या लांब जायचं आणि दुसऱ्या नंबरचा फेटा घालून यायचं. आता नव्या जिल्ह्याचं पहिलंवहिलं प्रदर्शन उदगीरला भरणार होतं.

"जिल्हा आता आपल्या दारात आलाय शिवराजा," अप्पा म्हणायचे. "पहिल्याच साली पहिला नंबर आणायचा. मंग मी मरायला मोकळा."

"आधी जोंधळ्याचं बघा, मंग मरा," अव्वा आतून म्हणायची.

नंबर यायचा तर जोडी भरलेली हवी, आणि भरायची तर हिरवा चारा हवा. त्यासाठी अप्पांनी विहिरीलगत दहा गुंठे कडवळ पेरलं होतं. विहिरीत तळाला पाणी होतं, मोटारही होती, नव्हती ती फक्त लाईट! आधी ती दिवसातून दोन तास यायची, कोणते दोन हे तिलाच ठाऊक. मग एके दिवशी डीपी जळाला आणि तेही बंद झालं. "महिना दोन महिने लागतील," असं सांगून वायरमन सायकलीवर बसून गेला. प्रदर्शनाला राहिले होते पाच आठवडे. कडवळ पिवळं पडायला लागलं, आणि त्याच्या बांधावर उकिडवे बसलेले अप्पाही.

मला ते बघवेना. आणि खरं सांगायचं तर मला मनातून थोडा आनंदही झाला होता. कारण मला लहानपणापासून एक खोड आहे, कुतूहलाची. हे कसं चालतं? हे आतून कसं असतं? आमच्या घरातलं गजराचं घड्याळ मी सातवीत उघडलं, रेडिओ नववीत. (दोन्ही अजून उघडेच आहेत.) मी जाहीर केलं, "आपण आखाडा स्वयंपूर्ण करायचा!"

"म्हंजे काय करायचं?" माझी बायको, सुमन, हिनं विचारलं. लग्नाला आठच महिने झाले होते, त्यामुळे ती अजून विचारायची.

"म्हणजे लाईट असो वा नसो, कुणावर अवलंबून राहायचं नाही."

"गिरणी बंद हाय. दळण कोण दळणार?"

"जातं आहे की."

"जातं हाय. दळणार कोण?"

"तू."

सुमननं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय ताबडतोब विहिरीकडे नेला.

गोठ्याच्या आढ्याला एक जुनी चामड्याची मोट टांगलेली होती. मोटार यायच्या आधी अख्खं शिवार मोटेवरच भिजायचं. मोट म्हणजे साधी गोष्ट. विहिरीच्या काठावर चाक, चाकावरून जाड दोराचा नाडा, नाड्याच्या एका टोकाला मोट आणि दुसऱ्याला बैल. बैल उतारावरून खाली गेले की मोट भरून वर येते आणि पाणी काठावरच्या दगडी कुंडीत, थारोळ्यात, पडतं. मी वहीत आकृती काढली, बाण काढले, बैलांचं वजन गुणिले अंतरसुद्धा काढलं. वाळून पापड झालेलं चामडं मऊ करायला अव्वाचं करडईचं तेल वापरलं. (सगळं. हे अव्वाला फोडणीच्या वेळी कळलं.)

रविवारी सकाळी जोडी जुंपली. अप्पा काळजीत होते. "शिवराजा, ते प्रदर्शनाचे बैल हायत रं."

"अप्पा, चालल्यानं अंग बनतं. शास्त्र आहे."

सरदार-सुभेदार उतारावरून डौलात खाली गेले. मोट वर आली. धबाऽक! पाणी थारोळ्यात! अप्पांनी टाळी वाजवली, सुमन हसली, अव्वा तेल विसरली. माझं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी चाललं होतं!

आणि मग माझ्या लक्षात आलं की आकृतीत सगळे बाण एकाच दिशेनं होते. मोट परत खाली जायची तर बैलांनी तोच उतार मागे मागे चढायला हवा. पाठमोरं!

सरदारनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं.

"मागं," मी म्हणालो.

सुभेदार खाली बसला.

पुढचा तास मी काय केलं ते थोडक्यात सांगतो. शेपटी ओढली, तर लाथ आली, चुकली ती नशिबानं. समोरून कपाळाला हात लावून ढकललं, तर सरदारला ते लाडाचं वाटलं आणि त्यानंही कपाळानं मला ढकललं, दहा पावलं, थेट उकिरड्यापर्यंत. शेवटी म्हटलं, प्रात्यक्षिक द्यावं. मी बैलांसमोर उभा राहून स्वतः मागे मागे उतार चढून दाखवला. "हे बघा, असं! एक पाय, दुसरा पाय, असं!" दोघांनी लक्ष देऊन पाहिलं. मी थारोळ्यात पडलो तेही लक्ष देऊन पाहिलं.

"एवढं पाणी निघालं, ते बी मास्तरच्या धोतरात," अव्वा म्हणाली. (धोतर नव्हतं, पँट होती. पण अव्वाला कुठे दुरुस्त करायचं!)

मोटार आल्यापासून शिवारातला एकही बैल मागे चालायला शिकला नव्हता. ज्यानं शिकवायचं तो एकच माणूस उरला होता, हुसेनचाचा. तरुणपणी तीस वर्षं त्यानं आमच्याच विहिरीवर मोट हाकली होती. आता दिवसभर गावात पारावर बसून बिड्या ओढायचा. मी बोलवायला गेलो तर म्हातारा पार उतरून माझ्यापुढं चालायला लागला!

"मास्तर, बैल पुस्तक न्हाई वाचत," तो म्हणाला. "त्याला गाणं लागतंय. जरा सबर करा."

चाचा नाड्यावर बसायचा, बैलांबरोबर उतारावरून खाली जायचा, मग तिथून आभाळाकडे तोंड करून लांबच लांब सूर लावायचा. चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी सुभेदारनं मागे एक पाय टाकला. चाचाच्या डोळ्यांत पाणी आलं. आठव्या दिवशी दोघंही असे मागे चढू लागले की उलटा लावलेला सिनेमा बघावा! कडवळ हिरवं झालं, जोडी चकाकायला लागली. अप्पा रोज सकाळी बैलांची पाठ आणि स्वतःची मिशी, दोन्ही पुसायचे.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण कुतूहल! बैलाला गाण्यातलं नेमकं काय कळतं? शब्द की सूर? दर रविवारी मी वही घेऊन बसू लागलो. चाचाला शब्द गाळून गायला लावलं, बैल मागे आले. सूर गाळून नुसते शब्द म्हणायला लावले, बैल मागे आले. मग मी स्वतः गायलो. बैल जागचे हलले नाहीत, गावातून मात्र दोन माणसं विचारायला आली, कोण गेलं म्हणून.

उत्तर एका दुपारी सापडलं. मोट बंद होती. बैल लिंबाखाली सोडलेले, कडवळ खात होते. चाचानं बिडी विझवली आणि घसा खाकरला. "ख्खंऽऽ!" आणि सरदार-सुभेदार, तोंडात कडवळ तसंच, मागे दोन पावलं सरले!

मी उडालोच. चाचा प्रत्येक कडव्याआधी घसा साफ करायचा. तीच त्यांची खूण! गाणं बिचारं नंतरचं! मी वहीत लिहिलं, 'खाकरणे म्हणजे मागे', आणि खाली दोन रेघा मारल्या. पण सांगितलं कुणालाच नाही. सत्तरीच्या म्हाताऱ्याला कोणत्या तोंडानं सांगायचं, की चाचा, बैल तुमच्या गळ्यावर नाही, तुमच्या कफावर चालतात?

प्रदर्शनाच्या दिवशी उदगीरला ही गर्दी! मंडप, कर्णा, लातूरहून आलेले मोठे साहेब, आणि माझ्या शाळेची चारशे मुलं रांगेत बसवलेली. सरदार-सुभेदारच्या शिंगांना रंग, अंगावर झुली. जनावरांच्या डॉक्टरसाहेबांनी दात बघितले, खूर बघितले, पाठीवरून हात फिरवला आणि शेजारच्याला हळूच म्हणाले, "यापुढं दुसरी जोडी दिसत नाही." ते अप्पांनी ऐकलं. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली.

"आता फक्त चालवून दाखवा. इथून त्या झेंड्यापर्यंत," डॉक्टर म्हणाले.

अप्पांनी कासरा धरला. जोडी निघाली, काय ती चाल! निम्म्यावर आली असेल, तेवढ्यात निवेदकानं माईक हातात घेतला.

"ख्खं! ख्खं! आता येत आहे, देवणीची..."

जोडी थांबली. चार पावलं मागे.

अप्पा गोंधळून म्हणाले, "चल रं राजा, चल." राजा निघाला.

"ख्खं! देवणीची सुप्रसिद्ध..."

पुन्हा मागे. लोक हसायला लागले. मी धावत सुटलो, स्टेजवर चढलो आणि निवेदकाच्या कानात ओरडलो, "घसा खाकरू नका! पाया पडतो!" तो इतका दचकला की त्याला ठसका लागला. माईकमध्ये!

आता जोडी मागे येत होती ती थांबेचना. अप्पा कासऱ्याला लोंबकळत फरफटत होते. साहेब उठून उभे राहिले, आणि उठल्यावर साहेब लोक जे करतात तेच त्यांनी केलं. "ख्खं! हा काय प्रकार आहे?"

सहा पावलं मागे.

आणि मग सगळ्यात वाईट गोष्ट झाली. रांगेतल्या मुलांना कळलं! कळणारच, वर्षभर मीच त्यांच्या कानीकपाळी ओरडत होतो, निरीक्षण करा, निष्कर्ष काढा. आधी एकानं खाकरून पाहिलं. मग दहांनी. मग चारशे मुलांनी एकदम! जोडीच्या धक्क्यानं मंडपाचा खांब वाकला, कनात सुभेदारच्या शिंगांऐवजी शेपटीत अडकली, आणि सरदार पाठमोरा थेट साहेबांच्या टेबलापर्यंत पोचून थांबला. तिथं त्यानं शेपूट वर केलं. पुढचं लिहीत नाही. हारतुरे टेबलावरच होते एवढंच सांगतो.

गर्दीतून हुसेनचाचा धावत आला. त्यानं दोघांच्या नाकाला हात लावला आणि बैल शांत उभे राहिले. मी त्याच्यासमोर मान खाली घालून सगळं कबूल केलं, वहीतल्या दोन रेघांसकट.

"म्हंजे माझं गाणं न्हाई? खोकला?" चाचानं विचारलं. मग इतका हसला, इतका हसला की त्याला खोकला आला, आणि बैल पुन्हा दोन पावलं मागे गेले.

नंबर आला. दुसरा.

पाचवा दुसरा! घरी आल्यावर अप्पांनी फेटा खुंटीला अडकवला आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. माणसाची हयातीतली एकच हौस, आणि ती मी माझ्या वहीपायी घालवली होती. सुमननं मला पाणी दिलं आणि वही उचलून चुलीजवळ ठेवली. जाळली नाही, नुसती जवळ ठेवली.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी अव्वा ओरडत आली, "अवं, उठा! बाहेर बघा तरी!"

बाहेर गाडीवाटेवर बैलजोड्या घेऊन शेतकरी रांगेनं उभे होते. कुणी वलांडीचा, कुणी निलंग्याकडचा. लाईट सगळीकडेच नव्हती, जुन्या मोटा सगळ्यांच्याच आढ्याला होत्या, आणि मागे चालणारे बैल अजून असतात हे त्या दिवशी अख्ख्या जिल्ह्यानं बघितलं होतं. सगळे एकच विचारत होते, "हुसेनचाचा इथंच असतात ना? आमच्या जोडीला बी शिकवा."

अप्पांनी एकदा त्या रांगेकडे पाहिलं. आत गेले, तोंड धुतलं, खुंटीवरचा फेटा घातला आणि विहिरीच्या काठावर खुर्ची टाकून बसले.

"पुढं चालणारे बैल त्या पहिल्या नंबरवाल्याकडं बी हायत," ते पहिल्या माणसाला म्हणाले. "मागं चालणारे जिल्ह्यात फक्त माझे. बसा. च्या घ्या."

मला इतकं हायसं वाटलं, की लगेच वही शोधली आणि अप्पांजवळ जाऊन म्हणालो, "अप्पा, एक विचार आलाय. याच जोडीला जर डायनॅमो जोडला तर..."

अप्पांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि घसा खाकरला.

बैल त्या वेळी गोठ्यात होते. दोन पावलं मागे सरलो तो मी!