बांधापलीकडची थाळी

गुरूची थोरवी शिष्यांच्या पदकांवरून ठरते, असं सत्कारसभांत सांगतात. कर्जतच्या कॉलेजात थाळीफेक शिकवणाऱ्या सरांची मात्र शेजारच्या शेतकऱ्यावरून ठरायची होती. मैदान संपतं तिथे त्याचा बांध, पलीकडे भात. बांधापलीकडे थाळी टाकणारा एक तरी विद्यार्थी घडवायचा, एवढीच सरांची हौस. आणि निवृत्ती महिन्यावर आलेली. मी रोज सकाळी तिथे फिरायला जातो. शेतकरी सरांना हटकून म्हणायचा, "सर, तुमच्या पोरांचं काय भ्याव नाय. माजं भात सुखरूप हाय."

सर थाळीकडे कधी बघत नसत. फेकणाऱ्याच्या पायांकडे बघत स्वतःही जागच्या जागी गिरकी घेत. त्या सकाळी दहिवलीची एक मुलगी फिरली, सरही फिरले, आणि बांधापलीकडून आरोळी आली, "ओ सर! थाळी भातात आली ना!"

सरांनी हात जोडले. "माफ करा, दादा. नक्की भातातच ना? जरा परत सांगा, पोरीला ऐकू द्या!"

शेतकऱ्याने परत सांगितलं, या वेळी हसत. सरांनी थाळीशिवायच आणखी एक गिरकी घेतली.

कॉलेजकडे थाळी तेवढी एकच होती. उभ्या भातात ती दिसेना, कापणीला मिळाली.