छप्पर बसवण्यापूर्वी

दुबईच्या अल क्वोज भागातील आमच्या कार्यशाळेत इमारतींच्या लहान प्रतिकृती तयार होतात. तेथील एक वृद्ध कारागीर, रत्नागिरीचे चाचा, छप्पर चिकटवण्यापूर्वी प्रत्येक चिमुकल्या दारावर नखाने टकटक करतात. कारण विचारले तर म्हणतात, "आत कुणी असलं तर कोंडून जाईल ना, सर!"

त्या दिवशी एका अमेरिकन उपनगराची प्रतिकृती पाठवायची होती. जुन्या वसाहतकालीन शैलीचे एकच घर छपराविना उघडे राहिले होते. चाचांनी दारावर टकटक केली, कान लावला आणि छप्पर न बसवताच बाजूला ठेवले.

"चाचा, यल्ला, चला लवकर!" मी म्हणालो. "ट्रक उभा आहे. आज डिलिव्हरी चुकली तर काँट्रॅक्ट खलास!"

"मग तुम्हीच लावा."

मी हसतच छप्पर उचलले आणि त्यांच्यासारखीच टकटक करून दाराला कान लावला.

नंतर छप्पर हलकेच टेबलावर ठेवून मी ट्रक परत पाठवला.